समुद्र, मु. पो. सिद्धेश्वर

सिद्धेश्वरला पाण्याविषयी मत नसलेला माणूस शोधायला निघालात, तर परत येईपर्यंत पावसाळा लागेल. पूर्णा नदीवर सहा किलोमीटरांहून लांब मातीची भिंत घालून १९६८ साली इथलं धरण पुरं झालं आणि तेव्हापासून औंढा तालुक्याच्या या टोकाला गप्पांचा विषय बदललेला नाही. वर जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण, खाली आम्ही. भादव्यात टपरीवर चहाआधी प्रश्न येतो, ‘येलदरीचे किती उघडले?’ दहापैकी किती दरवाजे, हे सांगता आलं नाही तर तो माणूस पाहुणा आहे असं समजून त्याला बिस्कीट दिलं जातं. मे महिन्यात प्रश्न बदलतो, ‘मृतसाठ्याला टेकलं का?’ सिद्धेश्वरची एकूण साठवण २५१ दशलक्ष घनमीटरच्या घरात, त्यातली उपयुक्त फक्त ८१च्या आसपास. म्हणजे समोर अथांग पाणी दिसतंय, वारा लाटा उठवतोय, बगळे मासे टिपतायत आणि सरकारी कागदावर त्यातलं दोन तृतीयांश पाणी मयत आहे. अशा गावात माणूस तत्त्वज्ञ न झाला तरच नवल.

या गावात आमच्या ओसरीवर शंभर लिटर खारं पाणी आलं. त्याला ना आवर्तन, ना पाणीवापर संस्था, ना कुठला टक्का. गावाच्या इतिहासातलं हे पहिलंच पाणी, ज्याच्याबद्दल कुणाचं मत विचारलेलं नव्हतं. त्यामुळे ते प्रत्येकानं दिलं.

पाणी आणलं आमच्या भाच्यानं. तो पुण्याला नोकरीला असतो आणि पुण्याला नोकरीला असणाऱ्या मुलांना हल्ली दोनपैकी एक गोष्ट होते: लग्न, नाही तर छंद. भाच्याला छंद झाला होता. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मश्रूम कोरल पाळण्याचा. पुण्याची खोली सोडावी लागली, नवा घरमालक ‘ओल चढते’ म्हणाला, आणि भाच्याला आजोळ आठवलं. ‘मामा, तुमच्याकडं जागा आहे, शांतता आहे, आणि तुम्ही शिक्षक आहात,’ असं तो म्हणाला. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ मला बराच वेळ रिकामा असतो, असा होता.

मश्रूम कोरल हा प्राणी आहे, हे आधी सांगून टाकतो, कारण ते बघून कळत नाही. एक गोल, मऊ, चपटी चकती. मध्ये तोंड. तेच तोंड खायला आणि तेच उरलेलं बाहेर टाकायला. निसर्गानं बांधकामात केलेली बचत. खाली आखूड देठ, देठाला पाय, पाय दगडाला चिकटलेला. हाड नाही, कवच नाही. खरे प्रवाळ अंगाभोवती चुन्याचं घर बांधत बसतात आणि त्यातून पुढं बेटं उभी राहतात. समुद्रफुलं घर बांधत नाहीत. हा मधला. शास्त्रज्ञांनी याच्यासाठी कोरॅलिमॉर्फ असा वेगळाच गट केला आहे. डिस्कोसोमा, ऱ्होडॅक्टिस, रिकॉर्डिया ही त्यातली घराणी. त्यांच्यातच अ‍ॅम्प्लेक्सिडिस्कस नावाचा एक दांडगा भाऊ असतो. तो ताटाएवढा पसरतो, आणि एखादा बेसावध मासा अंगावर विसावला की कडा वर घेऊन पिशवीचं तोंड आवळून टाकतो. आमच्याकडचे त्या मानानं गरीब. त्यांनी आजवर कुणालाही खाल्लेलं नाही.

आता समुद्राचं बघू. मुंबईच्या माणसाला यात काही कठीण वाटणार नाही. तिथं १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, ते मरीन ड्राईव्हवर. रस्ता ओलांडला की समुद्र. आमच्या पिढीतल्या शाळांच्या सहली राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला असं करून परत येत, आणि मराठवाड्यातली पोरं काचेला नाक लावून जन्मात पहिल्यांदा समुद्री मासा बघत. सिद्धेश्वरहून तो समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर. बंगालचा उपसागर आणखी लांब. म्हणून इथं समुद्र आणता येत नाही, घरी करावा लागतो.

करायची रीत साधी. एक लिटर शुद्ध पाण्याला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. भाच्यानं मिठाची बादली पुण्याहून आणली होती. तिची किंमत आमच्या मातोश्रींना चुकून कळली. ‘मिठाला एवढे पैसे? दुकानात चार पिशव्या घेतल्या असत्या तर सुट्टे परत आले असते.’ भाच्यानं समजावून सांगितलं, की आजी, स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. समुद्रात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट, सगळं ठरलेल्या मापात. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग पुण्याच्या मिठानं भाजी खारट होते का नाही?’ होते म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं चर्चा संपली.

पाण्याचं त्याहून अवघड. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांचा काळा दगड, बोअरचं पाणी त्यातून झिरपून येतं ते भरपूर क्षार घेऊन, आणि वरून शेतातलं खत. कपड्याला साबण फेस देत नाही अशा पाण्यात प्रवाळ काय टिकणार? आरओ करून, वर आणखी एका राळेच्या नळीतून काढून, मीटरवर टीडीएस शून्य दाखवणारं पाणी लागतं. गावातल्या आरओ प्लांटवाल्यानं हा आकडा ऐकला आणि तो दुखावला. ‘सर, आमचं पाणी माणसं पितात. तुमच्या त्या गोळ्याला कामून चालंना?’ शेवटी घरीच यंत्र बसलं. एक लिटर चांगलं पाणी निघताना दोन-तीन लिटर नाकारलेलं पाणी बाहेर पडतं. बायकोनं पहिल्याच दिवशी त्या नळीखाली बादली लावली. त्या पाण्यानं भांडी, ओटा, अंगण, एवढंच काय पण माझी स्कूटरही इतकी स्वच्छ राहू लागली, की या सगळ्या उद्योगाचा मूळ हेतू स्कूटर धुणं हाच असावा असं पाहुण्यांना वाटायचं.

मग आली प्रतीक्षा. नव्या टाकीत लगेच प्राणी सोडायचा नसतो. आधी पाणी, दगड, आणि अमोनियाचा थोडा पुरवठा. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ही दोन्ही खाती सुरळीत चालू व्हायला महिना-दीड महिना जातो. तोवर टाकीत बघण्यासाठी काहीही नसतं. हे न-बघणं बघायला अख्खं गाव येऊन गेलं.

‘आत काय आहे, सर?’

‘जिवाणू.’

‘दिसंनात.’

‘ते दिसत नसतात.’

‘मंग आहेत हे कशावरून?’

मी टेस्ट किटमधली नळी दाखवी. पाण्यात थेंब टाकले की रंग बदलतो. रंग बदलला की मंडळींचं समाधान होई, कारण रंग बदलणं आमच्याकडे निवडणुकीमुळे परिचयाचं आहे. शेतकरी मात्र चटकन समजले. अमोनिया, नायट्रेट म्हणजे युरियाचंच खानदान. एकानं तर अर्धं पोतं शिल्लक असल्याचंही सांगितलं.

या सगळ्यांत आमचे शेजारी काका वेगळे. ते पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हयात कालव्याच्या कडेनं सायकल मारण्यात गेली. कोणत्या चारीवर कोण रात्री दार उचलतो, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतर त्यांना मोजायला पाणीच उरलं नव्हतं. ओसरीवरची टाकी त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितली, वाकून खालून बघितली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘सांडवा कुठं आहे?’

सांडवा होता. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी एका कप्प्यातून खालच्या टाकीत उतरायचं, तिथं गाळलं जायचं, आणि पंपानं परत वर. काकांनी मान डोलावली. खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर त्यांनी डोळ्याला लावलं आणि म्हणाले, ‘हे तर उसाचं.’ खरंच होतं. वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ब्रिक्स बघायचं यंत्र नवं नाही; तत्त्व एकच, फक्त तिथं साखर, इथं मीठ. आकडा १.०२५ आला. काकांनी खिशातून डायरी काढून तो लिहिला. त्या दिवसापासून आमच्या समुद्राला शासकीय नोंदवही मिळाली.

मश्रूम आले ते थर्माकोलच्या खोक्यात, ट्रॅव्हल्सच्या डिकीत, कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराशेजारी बसून. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळवलं, थेंबाथेंबानं पाणी मिसळलं आणि शेवटी ते तळाशी, सावलीच्या बाजूला, वाहत्या पाण्यापासून जरा आडोशाला ठेवले. प्राण्यांनी लगेच अंग आक्रसून घेतलं. शेंगदाण्याएवढे झाले. बघायला जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर, मुलगी बघायला गेल्यावर मुलगी मामाच्या गावी गेली आहे असं कळल्याचे भाव आले.

भाचा पुण्याला जाताना एकच गोष्ट सांगून गेला. ‘मामा, काही करू नका.’ मला वाटलं, सोपं आहे. पण सिद्धेश्वरला काही न करणं ही गोष्ट सामाजिकदृष्ट्या अशक्य आहे.

मश्रूमच्या गरजा ऐकाल तर थक्क व्हाल. उजेड कमी हवा. जास्त झाला तर रंग उडतो. पाणी संथ हवं. पाणी अगदी चकचकीत निर्मळसुद्धा नको. थोडं नायट्रेट असलेलं त्यांना मानवतं. खायला घाला, न घाला. पण एकदा ठेवलं की हलवू नका, रोज औषधं ओतू नका, तापमान आणि खारेपणा वरखाली करू नका. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीला कमी उजेड, कमी पाणी आणि कमी लक्ष यांची वर्षानुवर्षं सवय आहे. हा प्राणी मराठवाड्यासाठीच जन्मला असं मला वाटलं. पण त्याची शेवटची अट, ‘मला माझं राहू द्या,’ ही आमच्याकडे माणसाच्यासुद्धा वाट्याला येत नाही.

पहिल्या आठवड्यात आलेले सल्ले असे. उन्हात ठेवा, फुलतील. गुळाचं पाणी द्या. पंप बंद करा, आवाजानं घाबरलेत. पंप वाढवा, गुदमरलेत. दृष्ट काढा. एकदा हिंगोलीला नेऊन डॉक्टरला दाखवा. एका पाहुण्यानं टाकीभोवती फिरून, वास्तूच्या हिशेबानं समुद्र आग्नेयेला नको असा निर्वाळा दिला. भारताचा समुद्र नेमका तिकडेही आहे, हे मी बोललो नाही. मी शिक्षक असल्यामुळे ऐकून घेण्याची सवय आहे. वर्गात पोरं आणि बैठकीत अधिकारी यांनी ती लावलेली आहे. मान हलवायची आणि हात मागं बांधायचे. हात मागं बांधलेला माणूस विचार करतोय असं लोकांना वाटतं, त्यामुळे आदरही मिळतो.

आणि एका सकाळी मश्रूम उघडले. तळहाताएवढे नाहीत, पण डबीच्या झाकणाएवढे. दिवसाच्या उजेडात तपकिरी, साधे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. संध्याकाळी निळा दिवा लागला की तेच हिरवे, शेंदरी, जांभळट असे पेटून उठत. अंगातली प्रथिनं निळा उजेड पिऊन दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. परदेशात अंगावर फुगे आलेल्या काही जातींचा एकेक नग शेकडो डॉलरला विकला जातो, हे भाच्यानं फोनवर सांगितलं. ते मी घरात सांगितलं नाही. नाहीतर ओसरीला कुलूप लागलं असतं.

हा प्राणी काही न खाता वाढतो कसा, हा प्रश्न काकांना झोपू देईना. त्याचं उत्तर मात्र गावात एका वाक्यात पटलं: त्यानं जमीन बटईनं दिलेली आहे. मश्रूमच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. जागा मालकाची, खत मालकाच्या मलमूत्राचं, राबणं शैवालाचं. उजेडावर साखर तयार करायची आणि बहुतेक माल मालकाला द्यायचा. निम्मा नाही, बहुतेक. ‘इतकी वाईट बटई तर निजामाच्या राजवटीतपण नव्हती,’ असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. पण या व्यवहारात एक गोम आहे. पाणी तापलं की मालकाचं डोकं फिरतं आणि तो बटईदाराला बाहेर काढतो. अंग पांढरं पडतं. मग उपाशी कोण मरतं? मालकच. जगभरच्या समुद्रांत सध्या हेच चाललं आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं. ते ऐकून म्हातारबाबांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला, ‘बटईदाराला हाकलणाऱ्याचं कधी भलं झालंय?’ प्रवाळांवरच्या परिषदांमध्ये याहून वेगळं काही ठरत असेल असं वाटत नाही.

तापण्याचं संकट आम्हालाही चुकलं नाही. मश्रूमना २४ ते २७ अंश सेल्सियस मानवतं. हिंगोली जिल्ह्याला एप्रिल-मेमध्ये ४२ मानवतं. पाणी थंड करायचं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून आमचंच अंग पांढरं पडलं. तेव्हा टाकीवर छोटे पंखे लावले. पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या प्रदेशात हे समजवायला लागत नाही. पण दिवसाला दीड-दोन लिटर पाणी गायब होऊ लागलं, आणि काकांच्या आयुष्यात वसंत फुलला.

बाष्पीभवन! पाटबंधाऱ्यात उभी हयात काढलेल्या माणसाला या शब्दाची गोडी बाहेरच्याला कळणार नाही. धरणात पाणी कमी का भरतं, कालव्याच्या शेवटाला का पोचत नाही, या प्रश्नांच्या उत्तरात कुठंतरी बाष्पीभवन असतंच. काकांनी खालच्या टाकीच्या काचेवर मिलिमीटरची पट्टी चिकटवली, रोज सकाळ-संध्याकाळ पातळी लिहिली. मी उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरायला निघालेल्या बायकोच्या भावाला थांबवत होतो, तेवढ्यात काकांनीच त्याची शिकवणी घेतली. ‘पाणी उडतं, मीठ थोडीच उडतं? खाऱ्यात खारं घालशील तर महिन्यात लोणचं होईल. लाभक्षेत्रात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, त्या कशानं झाल्या? तेच की. गोडं पाणी घाल, आणि उडालं तेवढंच घाल.’ समुद्री टाकी पाळणाऱ्याला जो धडा पुस्तकातून शिकावा लागतो, तो ते पूर्णेच्या कालव्यावर चाळीस उन्हाळे काढून शिकले होते.

त्यांची खरी कसोटी लागली ती वीज गेल्यावर. वीज जाणं आमच्याकडे घटना नाही, हवामान आहे. हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालू राहायचा, म्हणजे प्राण्यांना प्राणवायू मिळायचा. पण मुख्य पंप थांबला आणि वरच्या टाकीतलं पाणी उलटं खाली येऊ लागलं. खालची टाकी भरली, सांडली, ओसरी खारी झाली, मातोश्रींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांना समुद्रस्पर्श झाला. भाच्यानं खालची टाकी काठोकाठ भरून दिली होती. काका चपला हातात घेऊन आले, नळीकडे बघितलं, आणि त्यांच्या आवाजात अधीक्षक अभियंता बोलू लागला. ‘पहिली गोष्ट, परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडा. पातळी उतरली की भोकातून हवा शिरंल, सायफन तुटंल. दुसरी गोष्ट, खालचा साठा कधी भरून ठेवायचा नसतो. पुराला जागा ठेवायची असते. येलदरी सोडलं आणि खाली आपण भरलेलं असलो तर काय होतं, बघितलंय ना?’ भोक पाडलं, खालची पातळी कमी केली. मुद्दाम वीज बंद करून चाचणी घेतली. एक थेंब सांडला नाही. काकांनी डायरीत लिहिलं, ‘पूरनियंत्रण समाधानकारक.’

कायद्याचंही ऐकून घ्या, कारण एक सुशिक्षित पाहुणे ‘प्रवाळ घरात ठेवलं तर अटक होते’ असं टपरीवर सांगून गेले आणि दोन दिवस लोक आमच्याकडे जरा हळव्या नजरेनं बघत होते. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे असे गट घातले गेले. त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलं. मश्रूम हाड नसल्यामुळे खड्या प्रवाळांत मोडत नाही. पण टाकीत शोभेला म्हणून जो समुद्री दगड ठेवतात, तो पुष्कळदा मेलेल्या खड्या प्रवाळाचाच सांगाडा असतो, आणि गोम तिथं असते. आमच्या टाकीत पूर्णेच्या पात्रातला काळा दगड आहे. त्याच्याबद्दल फार तर गौण खनिजवाले विचारतील. मुंबईत तर २०२० साली किनारी रस्त्याच्या वाटेत आलेल्या प्रवाळांच्या अठरा वसाहती पाणबुड्यांनी अलगद उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या, त्यांच्यावर शास्त्रज्ञांनी लक्ष ठेवलं. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. येलदरीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्यापैकी एकजण मग म्हणाले, ‘त्यांना प्लॉट कुठं दिले?’

शांततेच्या बाबतीत आमचा तालुका आता जगप्रसिद्ध होणार आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो वेधशाळा होते आहे. २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांच्यात प्रोटॉनच्या जाडीच्या हजारव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो कळणार. त्यासाठी जमीन निवांत हवी, म्हणून हा भाग निवडला. आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी याच निवांत जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक बाहेर पळाले. मी टाकीजवळ होतो. पाण्यावर तरंग उठले, दिवा हलला, मश्रूम तसेच. हादरा जमिनीचा असेल तर त्यांची तक्रार नसते. माणसानं बोट लावलं की दोन दिवस रुसतात.

मात्र स्वतः हलायचं त्यांनी ठरवलं तर कुणाला विचारत नाहीत. ठेवली जागा पसंत पडली नाही तर मश्रूम पाय सोडतो आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे बसतो. गोंदानं चिकटवाल तर अंगाला इतका बुळबुळीतपणा, की गोंदच हरतो. वाटीत बारीक खडे घालून, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधून वाट बघायची. त्याला वाटलं तर तो एखादा खडा धरतो. आमच्यातला एक असाच एका रात्रीत टाकीच्या मागच्या बाजूला गेला, आणि भिंतीकडे तोंड करून फुलला. आम्ही औंढ्याच्या पंचक्रोशीतले. नामदेवांना कीर्तनासाठी मागं जायला लावलं तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा ऐकत मोठे झालेलो. मातोश्री म्हणाल्या, ‘टाकी फिरव.’ शंभर लिटरची टाकी फिरत नाही. मग मंडळी मागच्या खिडकीतून दर्शन घेऊ लागली.

जाता जाता तो मश्रूम जुन्या जागी पायाचा एक कण ठेवून गेला होता. त्या कणाचा काही आठवड्यांत नवा मश्रूम झाला. यांचा वंश असाही वाढतो. हवं तर धारदार पात्यानं तोंडातून बरोबर मधोमध दोन भाग करा, दोन्ही जगतात. दोन्ही हिस्से तंतोतंत सारखे, एकाच वाणाचे. ना मोजणी, ना बांध कोरणं, ना तहसीलला खेट्या. वाटणीचा हा कार्यक्रम बघायला भाऊबंदकीचे दावे चालू असलेली बरीच मंडळी जमली होती आणि गंभीर चेहऱ्यानं बघत होती. भाचा पात्यानं कापत असताना मातोश्री हळदीचा डबा घेऊन उभ्या. हळदीच्या जिल्ह्यात जखम झाली आणि हळद लावली नाही, तर लोक काय म्हणतील? हळद लावू दिली नाही, याचा राग त्यांनी पुढं कैक दिवस मनात ठेवला. मश्रूम बरे झाले, तेव्हा ‘हळदीनं लवकर झाले असते’ एवढंच म्हणाल्या.

त्यातला एक हिस्सा मी काकांना दिला. त्यांचा तेवढा हक्क होताच. सांडवा, सायफन आणि बाष्पीभवन या तिन्ही खात्यांचा कारभार त्यांनी बिनपगारी बघितला होता. त्यांनी आपल्या ओसरीवर वीस लिटरची टाकी मांडली, जिवाणूंसाठी दीड महिना धीरानं वाट बघितली, आणि मश्रूम एका काळ्या दगडावर ठेवून समोर खुर्ची टाकून बसले. हयातभर दारं उचलण्या-पाडण्यात गेलेला माणूस, पण हात मांडीवर. आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगतात, ‘बघा, पण बोलू नका.’

परवा मी तिकडं गेलो. मश्रूम चांगला फुलला होता. बराच वेळ बघितला. मग राहवेना.

‘काका, उजेड जरा वाढवला तर?’

काकांनी मान न वळवता डायरी उघडली. ‘सर, तुमच्या टाकीत काल संध्याकाळपासून अकरा मिलिमीटर बाष्पीभवन झालंय. आधी ते भरून या.’